पाचवा भाग

पाचवा भाग आला तेव्हा मी काट्यावर होते,
सावद्याच्या रस्त्याला, केळीचा ट्रक भरत होता.
कुरिअरवाल्याने पाकीट घडांच्या ढिगावरच ठेवलं,
म्हणाला, जड आहे व ताई, वीट मागवली का काय?

वीटच. सहाशे चाळीस पानं.
सहा वर्षं थांबलो हिच्यासाठी आम्ही,
आम्ही म्हणजे मी आणि रशीदा तडवी,
आठवीत एका बाकावर, पहिला भाग दोघींत एक.
ती सावकाश वाचायची,
माझा हात कायम पानाच्या कोपऱ्यावर,
आणि ती तो दाबून धरायची:
थांब नं, माझ्या दोन ओळी राहिल्या.

नावं विसरले होते.
कोण कुणाचा मामा, कुणी कुणाचा आवाज चोरला,
बुरुजावरची आंधळी पहारेकरीण मेली की नुसतीच पडली.
शेवटी काट्याच्या पावतीमागे वंशावळ काढली.
पुढच्या बाजूला: बावीस क्विंटल, दांडा वजा.
आप्पांनी तीच पावती व्यापाऱ्याला दिली.
त्याने दोनदा उलटसुलट करून पाहिली,
ही इरवा कोण? हिचं पेमेंट बाकी आहे का?

इरवा पहिल्या भागात पंधराची होती, आम्ही तेराच्या.
आता ती सतराची, मी पंचवीसची,
आणि पान चाळीसवर ती एकटीच घाट चढायला निघते
तेव्हा माझ्या तोंडून जातं,
अगं बाई, पाण्याची बाटली तरी घे.

लेखिकेने सुरुवातीलाच नकाशा दिलाय.
मी तो कधीच मानला नाही.
माझा घाट पालच्या पुढचा,
सातपुड्याच्या त्या निळ्या रेघेत कुठेतरी.
शापित नदी म्हणजे आमची सुकी,
जिच्यात मे महिन्यात शापापुरतंही पाणी नसतं.
आणि राणीचा महाल म्हणजे बंद पडलेला साखर कारखाना,
चिमणीभोवती घारी.
रशीदाचा महाल वेगळा होता. कुठला, ते तिने सांगितलं नाही.
एवढंच म्हणायची, तुझ्या महालाला मळीचा वास येतो.

हा भाग आधीच्यांसारखा नाही.
कुणी चेष्टामस्करी करत नाही.
बोलकं खेचर शंभर पानांत एकदाच बोलतं,
तेही पाणी मागायला.
पहिल्या रात्री मला राग आला,
पैसे परत मागावेत इतका.
दुसऱ्या रात्री वाटलं, खेचर म्हातारं झालंय, एवढंच.

पान तीनशे अकरा. रात्रीचा दीड.
कूलरमधलं पाणी संपलेलं, नुसता पंखा घरघरतोय.
अंगठ्याला चीक होता, कोपऱ्यावर तपकिरी डाग पडला,
चिकाचा डाग, तो आता पुस्तकाबरोबरच जाईल.
इरवा दारापाशी पोचते.
आत जो बसलाय तो फितूर.
कोण, यावर आमचं चौथ्या भागापासून भांडण:
मी म्हणते मामा,
रशीदा म्हणते खेचर.
पण खेचर तर बाहेर आहे, तिच्या मागे.
की नाही?
तिचा हात कडीवर.

मी फोन लावला.
रशीदा धुळ्याला, सिव्हिलमध्ये, नाइट ड्यूटी,
मागून कुणीतरी सलाइन संपल्याचं ओरडत होतं.
कितव्या पानावर?
एकशे चाळीस, ती कुजबुजली, आणि तू बोलू नको,
एक अक्षर बोलू नको, तुले माझी आन,
सहा नंबरच्या बाईला झोप येत नाही,
तिला मोठ्यानं वाचून दाखवावं लागतंय,
तेही आधीचे चार भाग समजावून सांगत.
ती पण खेचरच म्हणते.

मी पुस्तक उशाशी पालथं घातलं.

आज तिसरा दिवस.
तो ट्रक गेला, दुसरा लागला, दिल्लीचा.
आई विचारते, वाचनं सरलं नई का व अजून?
नाही सरलं.
एक पोरगी माझ्या उशाशी कडीला हात लावून उभी आहे,
हात अवघडला असेल तिचा.
आणि धुळ्यात, वॉर्डातल्या पिवळ्या दिव्याखाली,
कुणीतरी पानाचा कोपरा दाबून धरलाय.